प्रलयानंतर कडी-कुलूप

जगबुडी हा विषय आपल्या पुराणकारांनी फार थोडक्यात आटोपला आहे. मनूला मासा भेटतो, मासा आगाऊ नोटीस देतो, मनू सप्तर्षींना आणि बी-बियाण्याला घेऊन नावेत बसतो, आणि पाणी ओसरलं की नवं जग सुरू. पण पाणी ओसरल्यावर पहिल्या दिवशी चूल कशी पेटली, ओली लाकडं कोणी वाळवली, सात ऋषींच्या जेवणाची सोय काय, आणि मुख्य म्हणजे मनूने घराला दार लावलं की नाही, याबद्दल पुराणकार चकार शब्द काढत नाहीत. ही उणीव गेल्या दहा-पंधरा वर्षांत व्हिडिओ गेमवाल्यांनी भरून काढली. जग संपल्यावर माणसाला काय काय करावं लागतं याचा इतका बारीक तपशील त्यांनी दिला आहे, की तो पाहून कोणालाही वाटावं, त्यापेक्षा जग चालू राहिलेलं परवडलं.

या खेळांची एक स्वतंत्र जातच आहे. कथानक पोस्टकार्डावर मावेल. अणुबॉम्ब पडलेला असतो, नाहीतर साथ येऊन गेलेली असते, नाहीतर मुडदे उठून हिंडत असतात. सरकार, पोलीस, महापालिका, दूधवाला, सगळं बंद. तुम्ही नेसत्या वस्त्रानिशी, आणि काही ठिकाणी त्याशिवाय, एका ओसाड मुलखात उभे. लाकूड तोडायचं, दगड फोडायचा, हत्यार घडवायचं, घर बांधायचं, खायचं, प्यायचं, जगायचं. आणि हे चालू असताना आणखी पन्नास-शंभर जिवंत माणसं, कोणी पुण्यात, कोणी पोलंडात, आपापल्या खुर्चीत बसून त्याच मुलखात तेच करत असतात. इंग्रजीत याला ‘सर्व्हायव्हल क्राफ्टिंग’ म्हणतात. आपल्याकडे याला संसार म्हणतात.

मी तीस वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात काढली. आग, पूर, भूकंप, दंगल या सगळ्यांची आणि माझी ओळख तीन प्रतींतल्या फॉर्मवरची. त्यामुळे आमच्याकडे कॉलेजसाठी राहायला आलेला माझा भाचा निखिल जेव्हा म्हणाला, “मामा, जग संपल्यानंतरचा गेम आहे, बघा तरी,” तेव्हा माझ्यातला निवृत्त मनुष्य ताडकन उठून बसला. आयुष्यभर ज्या आपत्तीची कागदपत्रं तपासली तिच्या आतून एकदा फेरफटका मारून येऊ, असं वाटलं. त्या फेरफटक्याला आता आठ महिने झाले. आमच्या हिचं म्हणणं, मी अजून परत आलेलो नाही.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे ‘डे झी’. डीन हॉल नावाचा न्यूझीलंडच्या लष्करातला माणूस ब्रुनेईच्या जंगलात तग धरण्याचं शिक्षण घेत होता. तिथे त्याची अन्नान्नदशा झाली आणि त्या उपासातून पुढे २०१२ साली हा खेळ निघाला. (आपल्याकडे उपासातून साबुदाण्याची खिचडी निघते. संस्कृतीचा फरक.) एका चेक कंपनीच्या ‘आर्मा २’ या लष्करी खेळावर त्याने हे कलम बांधलं. मुलूख चेर्नारुस नावाचा. सोव्हिएत संघातून फुटलेला हा एक काल्पनिक देश, पण त्यातल्या टेकड्या आणि गावं चेक प्रजासत्ताकातल्या उस्ती नाद लाबेमच्या बाजूच्या खऱ्या भूगोलावरून उचललेली. तुम्ही किनाऱ्यावर जागे होता ते भुकेले आणि तहानलेले. घरं शोधत हिंडायचं. नशीब असेल तर घेवड्याच्या बियांचा डबा मिळतो, आणि डबा मिळाला की तो उघडायला काही मिळत नाही. इथपर्यंत वास्तववाद निर्दोष आहे.

वाटेत मुडदे असतात, पण त्यांचं काही नाही. मुडदा सरळ अंगावर येतो, त्याच्या पोटात एक आणि ओठांवर एक असं नसतं. भीती वाटते ती जिवंत माणसाची. समोरून कोणी आलं की दोघेही ‘फ्रेंडली! फ्रेंडली!’ असं ओरडतात. मग दोघेही थोडा वेळ विचार करतात. मग ज्याचा विचार आधी पूर्ण होतो तो गोळी झाडतो. आणि या खेळात मेलात की सगळं गेलं. डबा, चाकू, तीन तास घालून मिळवलेली पँट, सगळं. पुन्हा किनाऱ्यावर, पुन्हा भूक.

पण डे झीत माणूस फिरस्ता असतो. माणसाच्या खऱ्या यातना घर झाल्यावर सुरू होतात, हे ज्यांनी ओळखलं त्यांचा खेळ म्हणजे ‘रस्ट’. रस्ट म्हणजे गंज. फेसपंच नावाच्या ब्रिटिश कंपनीने डिसेंबर २०१३ मध्ये तो बाजारात आणला. सुरुवातीला यातही मुडदे होते, ते २०१४ साली काढून टाकले. त्यांच्या जागी लांडगे आणि अस्वलं आली. मुडदे गेल्याने खेळातली दहशत कमी झाली असं मात्र कोणाचं म्हणणं नाही. शेजारी होतेच.

रस्टमध्ये जन्म होतो तो साक्षात जन्मासारखाच. अंगावर सूत नाही, हातात एक दगड आणि एक मशाल. मी पहिल्यांदा असा किनाऱ्यावर उभा असताना आमची ही चहा घेऊन आली.

“अहो, हा माणूस असा काय उभा आहे?”

“जग संपलंय,” मी म्हटलं.

“म्हणून काय झालं?” असं म्हणून तिने पडदा ओढला. समीक्षा म्हणून हे वाक्य मला आजही बिनतोड वाटतं.

बरं, हा देह तरी निवडता यावा? तोही नाही. या मंडळींनी २०१५ साली प्रत्येक खेळाडूचा कातडीचा रंग त्याच्या खात्याच्या क्रमांकावरून ठरवून टाकला आणि २०१६ साली त्याच हिशेबाने स्त्री की पुरुष हेही ठरवलं. काही लोक सकाळी उठले ते बाई होऊन. तक्रार ऐकून घेणार नाही. पाश्चात्त्यांनी पत्रिका मांडायला इतका उशीर केला, पण मांडल्यावर शांतीची सोयसुद्धा ठेवली नाही.

यापुढचा भाग मात्र मध्यमवर्गीय वाचकाला तोंडपाठ आहे. झाडं तोडून काटक्यांचं घर बांधायचं, मग ते लाकडाचं करायचं, मग दगडाचं, मग पत्र्याचं. पण बांधलं म्हणजे झालं नाही. घरात एक कपाट ठेवावं लागतं. त्या कपाटात लाकूड-दगड भरत राहायचं आणि घर ते खात राहणार. कपाट रिकामं झालं की भिंती झिजू लागतात. म्हणजे मेन्टेनन्स! आणि दर काय, तर जितकं घर मोठं तितका तो पायरीपायरीने चढत जातो, अगदी इन्कम टॅक्सच्या टप्प्यांसारखा. मानवजात नष्ट झाली, पृथ्वीवर किरणोत्सर्ग पसरला, पण सोसायटीचा चेअरमन कुठेतरी जिवंत आहे.

चलन म्हणाल तर भंगार. सोनं-नाणं, शेअर्स सगळं निरुपयोगी. गंजके पाइप आणि मोडके पत्रे वेचायचे, एका यंत्रात घालून मोडीत काढायचे, आणि येणाऱ्या भंगारावर जगायचं. आमच्या गल्लीतला भंगारवाला चाळीस वर्षं सांगत होता, कोणी ऐकलं नाही. रसायनशास्त्र तेवढं कच्चं आहे. इथे गंधक आणि कोळसा एकत्र केला की बंदुकीची दारू तयार. सोऱ्याचा पत्ताच नाही! तीन घटकांपैकी मुख्यच गाळलेला. पण खेळात सोरा शोधायला लावला असता तर बंदुका होईपर्यंत लोकांच्या एकमेकांशी ओळखी झाल्या असत्या, आणि मग पंचाईत झाली असती.

दाराला कुलूप चार आकडी. ते लावून तुम्ही खेळ बंद केलात तरी तुमचा देह त्या घरात झोपलेला राहतो. तुम्ही बँकेत रांगेत उभे असता, तुमचं शरीर तिकडे गाढ झोपेत, आणि बाहेर कोणीतरी भिंतीला सुरुंग लावत असतो. समोर लढून घर जिंकण्यापेक्षा मालक नसताना ते फोडणं सोपं, हे शहाण्यांनी लवकरच ओळखलं. निखिलने आणि मी सतरा दिवस खपून बांधलेलं घर त्याच्या परीक्षेच्या आदल्या रात्री असंच फुटलं. सकाळी पाहतो तर पेट्या रिकाम्या, कपाट गायब आणि मी नव्याने किनाऱ्यावर. सवयीने मी फुटलेल्या भिंतींची यादी केली, अंदाजे नुकसान काढलं, आणि यादी कोणाकडे द्यायची या विचाराशी थांबलो. प्रलयाची खरी भीषणता मला त्या क्षणी जाणवली. क्लेम खातंच उरलेलं नव्हतं.

आणि इतकं करून जे टिकेल तेही टिकत नाही. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सगळा मुलूख पुसून टाकतात. सगळ्यांची घरं, सगळ्यांच्या पेट्या साफ. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्याकडे लक्ष्मी येते, म्हणून ही दार उघडं ठेवते. तिकडे गुरुवारी लक्ष्मी दारासकट जाते.

याच जातीतला ‘सेव्हन डेज टु डाय’ हा खेळ निराळ्या अंगाने घरगुती आहे. त्यात दर सातव्या रात्री मुडद्यांची झुंड घरावर चालून येते, आणि मधले सहा दिवस भिंती लिंपण्यात, काँक्रीट ओतण्यात जातात. ठरलेल्या वारी येणारे पाहुणे ज्यांनी पोसले आहेत त्यांना हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. तो डिसेंबर २०१३ मध्ये अपुरा विकायला काढला आणि पुरा झाला जुलै २०२४ मध्ये. आमच्या समोरच्या पुनर्विकासातल्या इमारतीला निदान गिलावा तरी झाला आहे.

इथपर्यंत सगळं गमतीत चाललं होतं. पण घर फुटल्यावर निखिल जे बोलला ते माझ्या डोक्यातून जाईना. मी चडफडत होतो, तो मात्र शांत.

“मामा, इथे कुणावर विश्वास ठेवायचा नाही. आणि रिअल लाइफमध्ये पण हेच असतं. पोलीस असतात म्हणून दिसत नाही, एवढंच.”

अठरा वर्षांचा मुलगा. मामीला न सांगता भाजी निवडून ठेवणारा. हे वाक्य त्याने कडवटपणाने म्हटलं असतं तर मी वयावर सोडून दिलं असतं. तो ते भूगोलातल्या माहितीसारखं बोलला. पावसाळा जूनमध्ये येतो, माणूस आतून लांडगा असतो. या खेळांची जाहिरातही तोच सूर लावते. कायदा गेला की माणूस खरा कसा ते इथे दिसतं, म्हणे! माझी या वाङ्मयाशी जी काही समीक्षकाची तक्रार आहे ती या एका दाव्यापाशी आहे. बाकी सोऱ्याचं मी सोडून देतो.

कारण याच निखिलला मी ‘फॉलआउट ७६’ खेळतानाही पाहिलं आहे. हा बेथेस्डा कंपनीचा खेळ नोव्हेंबर २०१८ मध्ये आला. अणुयुद्धानंतर पंचवीस वर्षांनी, २१०२ साली, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात काही माणसं तळघरातून बाहेर पडतात. पहिली दीड वर्षं या खेळात खेळाडूंखेरीज माणूसच नव्हता. सगळे यंत्रमानव, नाहीतर मेलेल्यांनी मागे ठेवलेल्या ध्वनिफिती. लोकांनी टीका केली, एप्रिल २०२० मध्ये कंपनीने माणसं आणून ठेवली. पण तोवर खेळाडूंनी आपली सोय लावली होती. आणि काय सोय! जुनी, मुरलेली माणसं तळघराच्या दारापाशी ताटकळत उभी राहतात, आणि नवखा कोणी डोळे चोळत बाहेर आला की त्याच्यापुढे शुद्ध पाणी, औषधाच्या सुया, कपडे ठेवून न बोलता निघून जातात. निखिल त्यांच्यातला. शनिवारी रात्री रस्टमध्ये लोकांच्या भिंती उडवतो, रविवारी सकाळी इकडे पाणपोई चालवतो. माणूस तोच, खुर्ची तीच, पोहेही मामीनेच केलेले.

मग बदललं काय? नियम बदलले. रस्टमध्ये तुम्ही गेलात तरी घर उघड्यावर राहतं. फॉलआउटमध्ये तुम्ही गेलात की तुमचा तळही तुमच्याबरोबर अदृश्य होतो, मागे फोडायला काही उरतच नाही. डे झीत मेलात की सगळं जातं. इथे मेलात तर वेचलेलं सामानसुमान तेवढं सांडतं, हत्यारं अंगावर राहतात. शिवाय सुरुवातीपासून मेख अशी की समोरच्याने उलटा वार केला नाही तर तुमच्या गोळीने त्याला जेमतेम ओरखडा उठायचा. म्हणजे ज्याला हे लोक मनुष्यस्वभाव म्हणतात तो बराचसा नगररचना विभागाचा निर्णय आहे. सरकार नाहीसं झालेलंच नाही. ते ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत एका कचेरीत बसलेलं आहे. घर कधी फुटावं, मेल्यावर काय सांडावं, कोणत्या गुरुवारी जग पुसावं हे तेच ठरवतं, आणि आपण इकडे ‘माणूस शेवटी असाच’ म्हणून उसासे सोडतो. दरवाजे उघडे ठेवून चोरांची शिरगणती करायची आणि गावाला चोर म्हणायचं, असा हा प्रकार.

निखिलला मी हे ऐकवलं. मुलगा हुशार आहे. म्हणाला, “पण मामा, फॉलआउटमध्ये दान करायला जातंय काय? माझ्याकडे शेकड्याने पाणी पडून असतं.” हा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. भरल्या घरची भिक्षा ती. उलट रस्टमध्ये पहिल्याच दिवशी, मी तसा उभा असताना, एक अनोळखी इसम झाडीतून आला, एक पँट आणि भाजलेल्या मांसाचे दोन तुकडे माझ्यापुढे टाकून निघून गेला. निखिल ओरडत होता, “ट्रॅप आहे, घेऊ नका!” मी घेतली. ट्रॅप नव्हता, पँट होती. ज्या मुलखात पँटसाठी खून पडतात तिथे दिलेली पँट मला पाणपोईपेक्षा मोठी वाटते. लांडग्यांसाठी आखलेल्या नियमांतसुद्धा मधूनच कोणीतरी असा निघतो. खेळ त्याला त्याबद्दल एक गुण देत नाही.

आणि पोलीस नसले म्हणजे काय होतं, हे मला खेळात पाहायची गरज नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्या दिवशी मी त्या पावसात होतो. गाड्या बंद, दिवे गेलेले, फोन मुके, गळ्याइतकं पाणी, आणि दृष्टीच्या टप्प्यात सरकार नावाची वस्तू नाही. गेमवाल्याला हवी होती तशी सगळी मांडणी तयार! कुर्ल्यात अंधारात दोर धरून काही पोरं उभी होती. त्यांनी मला एका हातातून दुसऱ्या हातात देत पलीकडे काढलं. कोणीही ‘फ्रेंडली’ म्हणून ओरडलं नाही. मग एका चाळीत, माळ्यावरच्या खोलीत, आम्ही अकरा अनोळखी माणसं रात्रभर बसलो. खालच्या खोलीतलं घरमालकाचं सामान तरंगत होतं. त्याची बायको एकीकडे ‘पिठाचा डबा गेला, पोरांची पुस्तकं गेली’ अशी मोजदाद करत होती आणि दुसरीकडे मला कोरडी लुंगी आणि काळा चहा देत होती. त्यांचा कसलाही विमा नव्हता. तो मी व्यवसायाच्या सवयीने विचारला होता.

सगळेच साधुसंत होते असं मी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मेणबत्ती दुप्पट भावाने विकली. पण विकली. सुरुंग लावून माझ्या घरातली नेली नाही. त्या रात्रीबद्दल मी निखिलला सांगितलं तेव्हा तो गप्प राहिला. त्याचा जन्म नंतरचा. त्याला त्या रात्रीचा आकडा माहीत होता, लुंगी माहीत नव्हती. या खेळांनी भूक मोजली, तहान मोजली, भिंतीचा टिकाऊपणा मोजला. जी गोष्ट मोजायला जमली नाही ती नसतेच असं पोरांना वाटू लागलं, हे मला भिंत फुटण्यापेक्षा मोठं नुकसान वाटतं.

म्हणून हल्ली मी रस्टमध्ये एक निराळा उद्योग करतो. त्या खेळात परक्याच्या दारावर टकटक करायची सोय आहे. बनवणाऱ्यांनी ती का ठेवली देव जाणे, कारण आठ महिन्यांत आमच्या दारावर एकदाही टकटक झालेली नाही. आता मीच दारोदार जाऊन ती करतो. निखिल कपाळाला हात लावतो. अकरा घरांतून गोळ्या आल्या, त्यांतल्या दोन चुकल्या. बाराव्या घरातून मात्र एका पोराचा आवाज आला. काय पाहिजे, असं त्याने इंग्रजीत विचारलं. शेजाऱ्याचं दार वाजवल्यावर जे मागायचं ते माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं : “विरजण.” तो म्हणाला, काय? आता विरजणाला इंग्रजीत काय म्हणतात, ते मला काही केल्या आठवेना. मी शब्द शोधत राहिलो, आणि निखिल म्हणतो, तेवढा सगळा वेळ त्या पोराने दार उघडं धरलं होतं.